माझ्या वाटणीचंही तुम्हीच खा

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला होतो. तिथे एका शनिवारी रात्री बाहेर जेवायला गेलो आणि त्या एका जेवणापायी पुढचे दहा-बारा दिवस हाल झाले. आमच्यासारखे पुष्कळ आईबाबा दर वर्षी तिकडे जातात आणि मुलं हौसेनं अशा ठिकाणी नेतात. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

आधी आमच्याबद्दल थोडं. ह्यांचं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठावर. लहानपण खाडीत चिंबोऱ्या पकडण्यात गेलेलं. रेल्वेतल्या नोकरीमुळे डोंबिवलीला आलो त्याला आता पस्तीस वर्षं झाली, पण ताटात मासा नसेल तर ह्यांचं जेवण होत नाही. मी माळकरी. बारा वर्षांपूर्वी पंढरपूरला माळ घातली, तेव्हापासून अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. घरी ह्यांचे मासे वेगळ्या भांड्यात होतात आणि ते स्वतःच करतात. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

आणखी एक सांगायला हवं. ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी सगळ्या तपासण्या केल्या तेव्हा युरिक अ‍ॅसिड 7.8 आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "जरा जास्त आहे, जपून राहा." दुखत काहीच नव्हतं, म्हणून आम्ही तो कागद फायलीत ठेवला आणि विसरलो. अमेरिकेला निघताना ती फाइल बरोबर घेतली नाही.

नातवाची दुसरीची शाळा संपली, म्हणून त्यानं सांगितलेल्या हॉटेलात जायचं ठरलं. त्याला बुफे हवा होता. चिनी, जपानी, थाई असं सगळं एकाच ठिकाणी, एकदा पैसे भरायचे आणि हवं तेवढं खायचं. हायवेला लागून मोठं हॉटेल होतं. शनिवारची रात्र, त्यामुळे दारातच रांग.

रांगेत उभं असताना मी दरांची पाटी वाचली. रात्री आणि शनिवार-रविवारी माणशी 27.99 डॉलर. सोमवार ते शुक्रवार दुपारी तेच 16.99. साठीच्या पुढे दहा टक्के सूट, लहान मुलांना वयाप्रमाणे कमी. मी मनात लगेच रुपये केले. सूट धरूनही आम्हा दोघांचे चार हजारांच्या वर जात होते. त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के कर आणि वर टिप. मुलाला म्हटलंही, "अरे, मी काय खाणार इथे? माझे पैसे नको भरूस." तो म्हणाला, "आई, आत पन्नास पदार्थ आहेत. तुला काहीतरी मिळेलच." आणि आत बसणाऱ्या प्रत्येकाचे पैसे भरावे लागतात, असा तिथला नियमच होता.

आत गेल्यावर डोळे फिरले. लांबलचक सात-आठ काउंटर, वर तिरपी काच, खाली वाफाळते ट्रे. एकीकडे सूप, एकीकडे तळलेलं, मग सॉसमधलं चिकन, नूडल्स, भात. दुसऱ्या टोकाला सुशी. मधे बर्फावर मांडलेली कोलंबी आणि शिंपले. मी सरळ प्लेट उचलली आणि लोकांच्या मागे चालायला लागले. ही पहिली चूक. आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारायला हवी होती. प्लेट हातात असली की मागचा माणूस पुढे सरकत असतो, आपल्याला थांबून वाचता येत नाही, आणि मग दिसेल ते वाढून घेतलं जातं.

प्रत्येक ट्रेवर लहान पाटी होती, पण पाटीवर फक्त पदार्थाचं नाव. आत काय आहे ते नव्हतं. 'व्हेजिटेबल लो मेन' वाचून मी नूडल्स घेतल्या. फरसबीच्या शेंगा घेतल्या. एका वाडग्यात हॉट अँड सावर सूप घेतलं. त्यात टोफूचे पांढरे तुकडे दिसत होते, काळे अळंबे दिसत होते, बांबूच्या कोंबाच्या बारीक सळ्या दिसत होत्या. आपल्याकडे चायनीज गाडीवर मिळतं तसंच, कॉर्नफ्लोअर लावलेलं घट्ट. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दोन चमचे घेतले. तिसऱ्या चमच्यात एक लांबट सळी आली. ती दाताला बांबूसारखी कचकन लागली नाही, नरम लागली. मला वाटलं अळंबं असेल. तेवढ्यात सूनबाई प्लेट घेऊन आली. वाडग्याकडे बघून ती उभीच राहिली. "आई, हे सूप तुम्ही विचारून घेतलंत का?"

तिनं जाऊन विचारलं. सूप चिकनच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्या नरम सळ्या डुकराच्या मांसाच्या होत्या. बांबू आणि मांस एकाच मापात, एकाच जाडीचे चिरलेले. सॉसमध्ये रंगही एकच झालेला. शेजारी शेजारी ठेवल्या तरी मला ओळखता आल्या नसत्या. नूडल्स आणि शेंगांमध्ये ऑयस्टर सॉस होता. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, त्यांच्या अर्काचा तो सॉस. 'व्हेजिटेबल' लिहिलं म्हणजे त्यात भाज्या आहेत एवढंच. दुसरं काही नाही असा त्याचा अर्थ नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वाडगा बाजूला सरकवला. पाणी प्यायले. हात आपोआप माळेवर गेला. मुलगा एकदम गप्प झाला होता. नातू आनंदात होता, त्याच्यासमोर काही बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "नकळत झालं, विठ्ठलाला ठाऊक आहे. तुम्ही जेवा." पण रात्री झोप येईना ते आधी याच्यामुळेच.

मग सूनबाईनं माझ्याबरोबर पुन्हा सगळे काउंटर बघितले. फ्राइड राइसमध्ये अंडं. स्प्रिंग रोल आत भाजीचे, पण कोलंबीच्या कढईतच तळलेले. सुशीतली ती लाल-पांढरी कांडी खेकड्याची म्हणतात, पण ती पोलॉक नावाच्या पांढऱ्या माशाचा लगदा करून बनवतात, त्यात अंड्याचा पांढरा भागही असतो. एका कोपऱ्यात मोठा गोल तवा होता. कच्च्या भाज्या आपण निवडून द्यायच्या आणि तिथला माणूस समोर परतून देतो. याला मंगोलियन म्हणतात, पण ही पद्धत 1951 च्या सुमारास तैवानात, तैपेईमध्ये सुरू झाली, असं मुलगा सांगत होता. मला तिथे आशा वाटली. पण तवा एकच. माझ्या पुढच्या माणसाचं बीफ त्यावर नुकतंच परतून झालेलं होतं. नातवानं माझ्यासाठी हौसेनं लाल जेलीचे चौकोन आणले, तर सूनबाईनं तेही थांबवलं. जेलीत जिलेटिन, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. पोराचा चेहरा पडला. ते मला सूपापेक्षाही जास्त लागलं.

शेवटी मी पांढरा भात, काकडी, कलिंगड आणि संत्र्याच्या फोडी घेऊन बसले. आणि मनात ते पैसे. दोन हजारांचा भात आणि कलिंगड. मी ह्यांना म्हटलं, "माझं काही व्हायचं नाही इथे. माझ्या वाटणीचंही तुम्हीच खा."

हे वाक्य मी गंमत म्हणून बोलले नव्हते. दोनदा बोलले.

ह्यांची तोवर दोन ताटं झाली होती. कोलंबी, चीज घालून भाजलेले शिंपले, थोडं सामन. हे तसे बेतानं खाणारे. पण तेवढ्यात आतून खेकड्यांच्या पायांचा नवा ट्रे आला. तो दुपारी नसतो, रात्रीच असतो, आणि म्हणूनच रात्रीचा दर जास्त. ट्रे दिसला की लोक टेबलांवरून उठतात. हे आणि नातू रांगेत उभे राहिले.

ते पाय आपल्या चिंबोरीसारखे नसतात. लांब, बारीक, नारिंगी, हातभर लांब झुबके. स्नो क्रॅब म्हणतात. थंड समुद्रातले, बोटीवरून आल्यावर उकडून गोठवलेले. बाजूला वितळलेल्या लोण्याची वाटी. आजूबाजूचे लोक चिमट्यानं फोडत होते, कवच उडत होतं. ह्यांनी चिमटा बाजूला ठेवला. सांधा दोन्ही बाजूंना हलकेच वाकवला, कट् असा आवाज झाला, आणि एका टोकाला धरून ओढलं तर आतलं मांस अख्खं बाहेर आलं, काडीसारखं. नातू बघतच राहिला. "आबा, पुन्हा!" मग आबांनी पुन्हा केलं. मला ह्यांचा तो चेहरा फार दिवसांनी दिसला होता. खाडीकाठचा मुलगा दिसत होता त्यात. मीच आणखी एक ताट आणून दिलं. बरोबर कोलाचे दोन मोठे ग्लास झाले.

बिल टिपसकट एकशे चाळीस डॉलर झालं. घरी येऊन साडेदहाला झोपलो.

पावणेतीनला ह्यांनी मला उठवलं. उजव्या पायाचा अंगठा. आधी वाटलं काही चावलं. दिवा लावला तर अंगठ्याच्या बुडाशी सांधा लालभडक, सुजून चकचकीत झालेला आणि हात लावला तर तापलेला. नुसती चादर पायावर आली तरी हे ओरडत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं कळवळताना पाहिलेलं नाही. अपेंडिक्सच्या वेळीसुद्धा नाही.

मुलगा उठला. डोंबिवलीला तेव्हा दुपारचा साडेबाराचा सुमार, दवाखाना चालू होता. डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी अंगठा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "काल रात्री काय खाल्लंत?"

मुलानं विचारलं, "बाबा, किती ताटं झाली?" हे म्हणाले, "दोन." मी म्हटलं, "चार. त्यातली दोन माझ्यामुळे."

डॉक्टरांनी सांगितलं, हा गाऊट असणार. शरीरात युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक कण सांध्यात साठतात आणि मग अचानक, बहुतेक रात्रीच, असा झटका येतो. पायाचा अंगठा ही त्याची ठरलेली जागा. कोलंबी, शिंपले, खेकडे यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं. बिअरनं वाढतं, आणि गोड कोल्ड्रिंकनंही वाढतं. हे शेवटचं आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. त्यात आठवडाभरापूर्वीच लांबचा विमानप्रवास झालेला, पाणी कमी प्यायलेलं. आमच्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्या होत्या, मी त्या काढूनही ठेवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, किडनीची तपासणी आणि प्रेशर बघितल्याशिवाय त्या देऊ नका. फडक्यात बर्फ गुंडाळून शेकायला, पाय उशीवर ठेवायला आणि पाणी प्यायला सांगितलं. ताप आला तर थांबू नका, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो. सकाळी तिथल्या डॉक्टरांना दाखवाच.

ताप नव्हता. म्हणून मुलानं इमर्जन्सीला न नेता सकाळी अर्जंट केअरला नेलं. हा फरक आपल्याकडच्यांनी समजून घ्यायला हवा. अर्जंट केअर म्हणजे वेळ न घेता दाखवायचा दवाखाना, रविवारीही उघडा. मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी जीवावर बेतलं असेल तेव्हासाठी, आणि तिथलं बिल कित्येक पटीनं जास्त. छातीत दुखलं, श्वास लागला तर अर्थातच इमर्जन्सी. तेव्हा पैशांचा विचार करायचा नाही.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पाय बघितला, रक्त घेतलं, कोल्चिसिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी विचारलं, आधी युरिक अ‍ॅसिड वाढलेलं होतं का? आम्ही खरं ते सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं. आम्ही भारतातून निघताना प्रवासाचा विमा काढला होता, पण विमा कंपनीनं आधीपासूनचा आजार म्हणून दावा नाकारला. पॉलिसीत ते छापलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. तपासणीचे 240 डॉलर आणि औषधाचे 38, म्हणजे आदल्या रात्रीच्या जेवणाच्या जवळजवळ दुप्पट. मुलगा काही बोलला नाही. मी गाडीत बसून खिडकीबाहेर बघत होते.

तिसऱ्या दिवशी लाली उतरली. आठ दिवस पायात बूट जात नव्हता. हे बाथरूमपर्यंत मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जायचे. चौथ्या दिवशी वॉशिंग्टनला निघायचं होतं ते रद्द झालं, तिथल्या हॉटेलचे पैसे परत मिळाले नाहीत. ह्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून खाल्लं असं नाही, मला हवंच होतं." तरी मला बरं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. झटका चालू असताना युरिक अ‍ॅसिड कधी कधी कमी दिसतं, म्हणून थांबून करायचं असतं. ते 8.6 आलं. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट मागवून घेतला आणि ह्यांची औषधं नीट तपासली. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं एक औषध मिसळलेलं होतं, त्यानंही युरिक अ‍ॅसिड वाढतं. ती गोळी त्यांनी बदलून दिली. गोळी मनानं बंद करू नका, असंही दोनदा बजावलं. प्रवासाला निघण्याआधी मी तो जुना कागद घेऊन त्यांच्याकडे गेले असते, तर हे सगळं डोंबिवलीतच, अर्ध्या तासात झालं असतं.

त्या हॉटेलात पुन्हा जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण नातू विचारत राहिला. त्याला वाटत होतं, आबांना त्याच्यामुळे लागलं. ऑगस्टमध्ये एकदा तो मला म्हणाला, "आजी, मी तिथे जाऊ या म्हटलं नसतं तर आबांचा पाय दुखला नसता ना?" हे ऐकल्यावर मीच मुलाला म्हटलं, चला, जाऊ या.

या वेळी मंगळवारी दुपारी गेलो, अगदी उघडायच्या वेळी, साडेअकराला. दर कमी, गर्दी नाही, ट्रे नुकते भरलेले, विचारायला माणसं मोकळी. सूनबाईच्या ऑफिसात एक चिनी बाई आहेत. अमेरिकेतले असे बुफे चालवणारे पुष्कळ लोक चीनच्या फुज्येन प्रांतातून आलेले असतात, त्याही तिकडच्याच. तो चातुर्मास होता, मी कांदा-लसूणही खात नव्हते. हे त्यांना कसं समजवायचं याची सूनबाईला काळजी होती. तर त्या हसून म्हणाल्या, आमच्याकडे बौद्ध लोक व्रताला अगदी असंच जेवतात, मांस-मासे-अंडं नाही आणि कांदा-लसूणही नाही. त्याला त्यांच्या भाषेत शब्दच आहे, 'सू'. त्यांनी एका कार्डावर चिनी लिपीत चार ओळी लिहून दिल्या.

मी ते कार्ड काउंटरमागच्या बाईंना दाखवलं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी वाचलं, माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटातली मण्यांची माळ बाही वर करून मला दाखवली. इंग्रजी दोघींनाही धड येत नव्हतं. त्यांनी हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि कार्ड घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांनी टोफू, ब्रोकोली आणि आलं असं परतून आणलं, वेगळ्या कढईत केलेलं, वेगळ्या बशीत. कढई धुतल्याचं त्यांनी हातानं करून दाखवलं. मीठ थोडं कमी होतं. मी सगळं संपवलं, आणि निघताना टिप त्यांच्या हातात दिली.

ह्यांनी आधी रिकाम्या हातानं सगळीकडे फेरी मारली. मग भात, थोडं चिकन, भाज्या, आणि साधं पाणी. एकच ताट. दुपारी खेकडे नसतात हे मला माहीत होतं आणि मनातून मी निश्चिंत होते. पण त्या दिवशी एका कोपऱ्यात छोट्या ट्रेमध्ये ते पाय ठेवलेले निघाले. नातवानं चार उचलून आणले आणि आबांच्या पुढ्यात ठेवले. मी काही बोलले नाही.

ह्यांनी एक उचलला. सांधा वाकवला, कट् आवाज झाला, मांस अख्खं बाहेर आलं. ते नातवाच्या ताटात ठेवलं. दुसरा त्याच्या हातात दिला आणि बोटं कुठे धरायची ते दाखवलं. पहिल्यांदा तुकडा पडला. दुसऱ्यांदा अर्धं आलं. चौथा त्यानं एकट्यानं अख्खा काढला. ह्यांनी स्वतः एकही तोंडात टाकला नाही. मग हात धुवायला उठले, आणि मी त्यांच्या पायाकडे बघत होते. चालणं सरळ होतं.